ओठावरचा जर

शोभनाताईंनी नातीच्या पाठीवर शेवटचा तांब्या ओतला, तिला पायांवरच उताणी वळवली आणि टॉवेलात गुंडाळून उराशी धरली. अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या त्या घरात शॉवर होता, टब होता, बाळासाठी निळ्या प्लास्टिकचं एक खास घमेलंही येऊन पडलं होतं. पण शोभनाताई टबातच एक बुटकं स्टूल टाकत, गाऊन गुडघ्यापर्यंत खोचून पाय लांब करून बसत आणि नाशिकहून बॅगेत घालून आणलेल्या तांब्यानेच पाणी घालत. पहिल्या दिवशी त्यांच्या लेकीने, आश्लेषाने, हे पाहून कपाळाला हात लावला होता. पुढे मात्र ती स्वतःच टॉवेल घेऊन दारात उभी राहायला लागली, कारण या आंघोळीनंतर पोरगी दुपारपर्यंत डोळा उघडत नसे.

आंघोळीचा शेवट फुंकरीने व्हायचा. पाणी राहू नये म्हणून बाळाच्या कानाशी तोंड नेऊन हलकेच फुंकर मारायची, आधी डाव्या कानात, मग उजव्या. शोभनाताईंच्या आईने आणि सासूने हेच केलं होतं आणि त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणाला कधी वाटलं नव्हतं. आजही त्या डाव्या कानाकडे वाकल्या, आणि थांबल्या. कानामागे, केसांच्या कडेला, राईएवढ्या, पाण्याने भरलेल्या फोडांचा एक झुबका होता. भोवतीची कातडी लाल झाली होती.

"आशू, जरा इकडे बघ."

आश्लेषाने पाहिलं, फोनमध्ये फोटो काढला आणि बाळाच्या डॉक्टरांकडे पाठवला. शोभनाताई घामोळं म्हणत होत्या खऱ्या, पण बाहेर बर्फ साचलेलं असताना घामोळं कुठून येणार, हे त्यांनाही कळत होतं. डॉक्टरांच्या नर्सचा फोन लगेच आला. बाळाला तीन आठवडेही झालेले नाहीत, तेव्हा वाट न पाहता इमर्जन्सीत न्या, असं तिने सांगितलं. जावई, परीक्षित, वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. तो हेडफोन गळ्यात तसाच ठेवून खाली आला आणि गाडीची किल्ली शोधू लागला.

रूट नाइनवरून तळ्याचा पूल ओलांडेपर्यंत कुणी फारसं बोललं नाही. मागच्या सीटवर बाळ झोपलं होतं. कागदोपत्री तिचं नाव केया होतं, कारण इथे नावाशिवाय हॉस्पिटल घरी सोडत नाही म्हणे. पण बारसं व्हायचं होतं, म्हणून शोभनाताई तिला ठकी म्हणत. त्यांनी दुपट्याची कड तिच्या कानावरून बाजूला केली आणि फोड पुन्हा पाहिले. तेवढेच होते.

वूस्टरच्या त्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर आला. त्याने बाळाला उलटंपालटं करून तपासलं, छाती ऐकली, टाळूवरून बोट फिरवलं. ताप नाही, दूध व्यवस्थित पिते, रडणं दमदार. तो म्हणाला, की बहुतेक हा कातडीचा साधा प्रकार आहे. फोडातलं पाणी तपासायला पाठवू, मलम देऊ, उद्या पुन्हा दाखवा. पण एक शंका काढून टाकायची होती. काही विषाणू मोठ्यांना नुसते चाटून जातात, पण एवढ्या लहान बाळाच्या मेंदूपर्यंत पोचू शकतात. तसं वाटलं तर पाठीतलं पाणी काढावं लागेल, दाखल करून शिरेतून औषध द्यावं लागेल, आणि ते उगाच कुणी करणार नाही. मग त्याने स्वतःच्या ओठाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून विचारलं, घरात कुणाला इथे फोड आला होता का? कुणी बाळाचा पापा घेतला होता का?

आश्लेषाने ठाम नकार दिला. या प्रश्नाची तयारी तिने बाळ यायच्या आधीपासून केली होती. ती औषधांच्या कंपनीत कामाला होती आणि घराला तिने नियम लावून दिले होते. आजीने निघण्याआधी नाशकातच डांग्या खोकल्याची आणि फ्लूची लस घ्यायची, कुणाला शिंक आली तरी मास्क लावायचा, आणि पापा कुणीही घ्यायचा नाही, खुद्द आईबापांनीसुद्धा नाही. शोभनाताईंना हा शेवटचा नियम फार जड गेला होता, पण त्यांनी तो मोडला नव्हता. आश्लेषाने हे सगळं डॉक्टरला भराभर सांगितलं. तो मान डोलावत होता. त्याचा चेहरा सैल पडला.

शोभनाताईंची जीभ नकळत ओठाच्या उजव्या कोपऱ्याकडे गेली. तिथली कातडी आता गुळगुळीत होती. गेल्या आठवड्यात तिथे जर आला होता, पाणी धरलेल्या बारीक फोडांचा पुंजका. जागरण झालं की त्यांना तो यायचाच, अगदी कॉलेजात असल्यापासून. आश्लेषानेच तो पाहून म्हटलं होतं, आई, तुला झोप कमी पडतेय, दुपारी पडत जा. एवढी शिकलेली पोरगी, दिवसभर याच विषयांचे कागद वाचणारी. पण घरात जर म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडली, याच्या पलीकडे तिलाही काही सुचलं नव्हतं. लहानपणापासून घरात तेच ऐकलेलं.

टेलिफोन खात्यात आयुष्य काढलेल्या शोभनाताईंना इंग्रजी कळत होतं, बोलतानाच तेवढं अडायचं. डॉक्टर काय विचारतोय ते त्यांना नीट कळलं होतं. आपण गप्प राहिलो तर कुणालाही कधीही काही कळणार नाही, हेही कळलं होतं. आणि बोललो तर ही लेक आपल्याकडे कशी पाहील, तेही त्यांना आत्ताच दिसत होतं. त्या खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, आय हॅड. हिअर. लास्ट वीक."

"आई, काय बोलतेयस?"

"नो किस," शोभनाताई डॉक्टरकडेच पाहत म्हणाल्या. "बट धिस."

आपल्या इंग्रजीवर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी पलंगावरचा घडी घातलेला टॉवेल बाळासारखा हातावर घेतला, त्याच्या एका टोकाशी तोंड नेलं आणि फुंकर मारली. मग टॉवेल फिरवून दुसऱ्या टोकाशी. मग बोट हवेत गोल फिरवून सांगितलं, "एव्हरी डे."

डॉक्टरने बाळाच्या कानामागे पुन्हा एकदा निरखलं आणि तो झपाट्याने बाहेर गेला. त्यानंतर खोलीत सगळंच घाईने होऊ लागलं. दोन नर्स आल्या, बाळाच्या डोळ्यांतून, नाकातोंडातून कापसाच्या काड्या फिरवल्या गेल्या, इवल्याशा हाताला सुई लागली. पाठीतलं पाणी काढताना घरच्यांना बाहेर थांबायला सांगितलं. दाराआडून ठकीचं रडणं येत होतं. रिपोर्ट यायच्या आधीच औषध सुरू करतोय, कारण यात जितका उशीर तितका धोका, असं डॉक्टर जाता जाता सांगून गेला.

आश्लेषा भिंतीला टेकून उभी होती. ती आईकडे बघत नव्हती.

"मी बघितला होता तो. मला दिसत होता, आणि मी तुला झोप म्हणाले." आवाज चढलेला नव्हता, आणि शोभनाताईंना त्याचीच जास्त भीती वाटली. "आई, तू घरी जा. परीक्षित सोडेल. आणि प्लीज, आता बाळाला हात लावू नकोस."

"बरं," शोभनाताई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी बाळाची सगळी दुपटी, टोपडी, चादरी काढून गरम पाण्यात धुतल्या. टब घासला. मग नाशिकला फोन लावला. शशिकांतरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की तू बोललीस कशाला? आज ना उद्या रिपोर्टमध्ये दिसलंच असतं की, तुझं नाव न येता. नवऱ्याला बायकोची काळजी वाटत होती, यात शंका नाही. पण शोभनाताईंनी त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "उद्यापर्यंत तिचं काय झालं असतं?" एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षित निघाला तेव्हा त्या डबा घेऊन गाडीत बसलेल्या होत्या. बाजरीची भाकरी, लसूण घातलेली मेथी, हळिवाची खीर.

"आई, मी नेतो डबा. ती तुम्हाला वर..." परीक्षित अडखळला. भला माणूस होता, सासूला वाईट कसं सांगावं हे त्याला कळेना.

"मी वर येतच नाही. मी खाली बसेन."

"पण दिवसभर खाली बसून काय करणार, आई?"

"बसेन. तिला दूध यायला हवं, आणि त्यासाठी तिने जेवायला हवं. डबा गरम आहे, चला."

आणि त्या खरंच बसल्या. लॉबीत कॉफीच्या दुकानासमोर खुर्च्यांची एक रांग होती, तिच्या टोकाच्या खुर्चीवर मास्क लावून, कोट मांडीवर घेऊन. स्वतःचा राग येत होता, भीती वाटत होती, घडीघडीला रडूही येत होतं. पण घरी बसून रडण्यापेक्षा इथे बसून रडणं त्यांना बरं वाटलं. परीक्षित अधूनमधून खाली येऊन सांगायचा. फोडातल्या पाण्यात विषाणू सापडला. डॉक्टरांची शंका खरी होती. पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट अजून यायचाय. औषध चालू आहे, आश्लेषा पलंगाशेजारच्या खुर्चीतच झोपते. पहिल्या दिवशी डबा अर्धा परत आला. दुसऱ्या दिवशी रिकामा आला, आणि धुतलेला. शोभनाताईंनी तो उघडून पाहिला, पुन्हा बंद केला आणि उद्या काय करायचं ते ठरवायला घेतलं.

तिसऱ्या दिवशी डबा घ्यायला आश्लेषा स्वतः खाली आली. केस विंचरलेले नव्हते, पायात हॉस्पिटलचे मोजे होते. शोभनाताई उठल्या.

"पाठीतलं पाणी क्लीन आहे," ती म्हणाली. "रक्तात पण नाही. फक्त कातडीवर आहे. ट्रीटमेंट पूर्ण करावी लागेल, नंतर काही महिने तोंडाने औषध द्यायचं. पण आत गेलेलं नाही."

शोभनाताईंनी खुर्चीचा हात धरला आणि खाली बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते मास्कच्या आत गेलं.

"डॉक्टरांना तुझ्याशी बोलायचंय," आश्लेषा म्हणाली. "इन्फेक्शनच्या मोठ्या डॉक्टर आहेत."

बोलायचंय म्हणजे काय, ते शोभनाताईंनी ओळखलं. चार शब्द ऐकून घ्यावे लागणार. त्यांनी कोट घेतला, डोळे पुसले आणि लेकीच्या मागोमाग लिफ्टकडे चालू लागल्या. पोरगी वाचली होती. आता कुणी काय बोलायचं ते बोलू दे.

वर दाराशी पिवळा गाऊन आणि हातमोजे घालायला लावले. आत ठकी झोपली होती, हाताला पट्टी, कानामागे खपली धरू लागलेले फोड. शोभनाताई पलंगापासून हातभर लांब उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात त्यांनी पाठीमागे धरले. त्या मोठ्या डॉक्टर, डॉ. आसांते, खिडकीजवळच्या स्टुलावर बसलेल्या होत्या. घानातून येऊन वूस्टरमध्ये अर्धं आयुष्य काढलेली, साठीकडे झुकलेली बाई. बोलताना प्रत्येक वाक्यानंतर थांबायच्या, आश्लेषाला मराठीत सांगायला वेळ मिळावा म्हणून.

त्या रागावल्या नाहीत. आधी त्या म्हणाल्या, की त्या दिवशी तुम्ही बोललात म्हणून त्याच तासाला औषध सुरू झालं. आश्लेषाने हे खाली बघत सांगितलं. मग डॉक्टर बाळाकडे वळल्या. तान्ह्या मुलांच्या अंगात लढायची ताकदच नसते असं लोक समजतात, ते खरं नाही. त्यांच्या पेशी आपल्यापेक्षा चपळ असतात, समोर येईल त्यावर धावून जातात. पण त्या कोऱ्या असतात. शत्रू कोण हे त्यांना आधी माहीत नसतं, आणि आज ज्याच्याशी लढल्या तो पुढे त्यांच्या फारसा लक्षात राहत नाही. पहिले काही महिने लक्षात ठेवायचं काम आईच्या रक्ताचं. आईला आधी जे होऊन गेलेलं असतं, त्याच्या अँटिबॉडी पोटात असतानाच नाळेतून बाळाकडे येतात.

"माझ्या रक्तात या व्हायरसच्या अँटिबॉडी सापडल्या, आई," आश्लेषा म्हणाली. "मी म्हटलं, शक्य नाही, मला कधी जर आलेला नाही. त्या म्हणतात, पुष्कळांना तो आत असून कधी येत नाही. पण त्यांना जाणून घ्यायचंय, की हे जुनं आहे की आत्ताचं. आत्ताचं असेल तर बाळापर्यंत अँटिबॉडी पोचल्याच नसणार. लहानपणी मला असं काही झालं होतं का? मला तर काही आठवत नाही."

शोभनाताईंना आठवणीत शोधावं लागलं नाही, ते दिवस जसेच्या तसे समोर आले होते. फक्त इतकी वर्षं ते भलत्याच नावाखाली ठेवलेले होते.

"दीड वर्षाची होतीस," त्या म्हणाल्या. "तुझं तोंड आलं होतं. नेहमी येतं तसं नाही. हिरड्या सुजलेल्या, जिभेवर, ओठांच्या आत नुसते फोड, आणि अंगात ताप. पाणी घोटवत नव्हतं तुला. मे महिना होता, डॉक्टर म्हणाले उष्णता. तुझे बाबा म्हणाले, एवढ्याशा पोरीला आंबा चारलास. मलाही तेच वाटलं. पुढचे दोन उन्हाळे मी तुला आंब्याची फोड दाखवली नाही."

आश्लेषाने सांगितलं. डॉ. आसांते पुढे झुकल्या. हेच ते, त्या म्हणाल्या, पहिल्यांदा होतं तेव्हा लहान मुलांना असंच होतं. आणि त्या वेळी घरात कुणाला जर येत असे का?

"मलाच," शोभनाताई म्हणाल्या. मग लेकीकडे पाहून, "म्हणजे तुलाही तो मीच दिला."

आश्लेषाने हे इंग्रजीत केलं नाही. डॉक्टरांना बहुधा त्याची गरज वाटली नाही. त्या म्हणाल्या, की म्हणजे ही मुलगी जन्मली तेव्हापासून तिच्याजवळ तिच्या आईच्या अँटिबॉडी होत्या. ज्यांच्या आईला हा विषाणू कधी भेटलेलाच नाही अशी बाळं त्यांनी पाहिली होती. त्यांच्याबद्दल त्या जास्त काही बोलल्या नाहीत. औषधाने किती वाचवलं आणि रक्ताने किती, हे आपल्याला कधी सांगता येणार नाही. दोन्ही हाताशी होतं, एवढं खरं. आणि पुढच्या वेळी जर आला तर आजीने मास्क लावून दूर राहायचं, फुंकर तर मुळीच नको.

शोभनाताईंनी मान हलवली. त्यांना हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. डोळ्यांसमोर ते मे महिन्यातलं पोर होतं, तोंड उघडं ठेवून कण्हणारं, आणि त्याला तसं करणारी आपणच होतो, हे त्यांना आज कळत होतं.

डॉक्टरांनी वही उघडली. आजारपण किती चाललं, आणि पाणीसुद्धा घोटवत नव्हतं तर मुलगी जगली कशावर, असं त्यांनी विचारलं.

"आठवडाभर तरी," शोभनाताई म्हणाल्या. "गार दूध द्यायचे, चमच्याच्या टोकाने, थेंब थेंब. एक थेंब गिळायची आणि रडायची. मांडीवरून खाली ठेवलं की जास्तच रडायची. म्हणून खाली ठेवलीच नाही. मी भिंतीला टेकून बसूनच झोपायचे. रजा संपली होती, तरी गेले नाही कामावर. कुणाकडे जायची नाही ती. बाबांकडेसुद्धा नाही. माझ्याच गळ्यात तोंड खुपसून असायची, आणि मी तिला घेऊन नुसती बसून राहायचे."

डॉ. आसांतेंनी आश्लेषाकडे पाहिलं. पलंगावर ठकीने झोपेतच हात वर केला, तो आश्लेषाने दोन बोटांत धरला.

"शी हेल्ड मी," ती म्हणाली.

शोभनाताई इतकं बोलल्या होत्या, तेव्हा भाषांतरात अजून काही येईल म्हणून डॉक्टर पेन धरून थांबल्या. मग त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.